बारा हात पाणी : गॅलिपोलीतले पाच दिवस

पहिला दिवस : इस्तंबूल ते एजेआबात

इस्तंबूलहून सकाळीच बस धरली. तेकिरदापर्यंत डाव्या हाताला मार्माराचा समुद्र सोबतीला होता. मग गव्हाची हिरवी शेतं लागली आणि केशान सोडल्यावर रस्ता उतरून जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर आला. उजवीकडे सारोसचं आखात, डावीकडे दार्दानेल्सची सामुद्रधुनी. हा बुलायरचा गळा. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी, तुर्कांच्या पाचव्या सैन्याचा जर्मन सेनापती लिमान फॉन सँडर्स इथेच शत्रूची, म्हणजे इंग्रज-फ्रेंचांची, वाट बघत थांबला होता. शत्रू उतरला तो इथून कितीतरी दूर, गॅलिपोली द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला आणि पश्चिम किनाऱ्याला.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. गॅलिपोली मी तरुणपणी शिकलो ती फळ्यावरच्या बाणांमधून. जाड निळे बाण समुद्रातून निघायचे आणि जमिनीत घुसायचे. पुढे त्या दिवशी उतरलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की त्यात बाण कुठेच नाहीत. नाव कुठे थांबली, पाणी कुठवर आलं, आडोसा किती पावलांवर होता, एवढंच त्यांना आयुष्यभर आठवत राहिलं. ती पावलं स्वतः मोजायची म्हणून हा प्रवास. एप्रिलचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला, कारण २५ तारखेच्या आसपास इथे फार गर्दी होते.

गेलिबोलू गावाच्या पुढे नवा झुलता पूल दिसला. मधला गाळा २०२३ मीटर, जगातला सर्वांत लांब. मनोरे ३१८ मीटर उंच. ३१८, म्हणजे तिसरा महिना, अठरा तारीख. १८ मार्च १९१५ ला इंग्रज-फ्रेंच आरमाराने ही सामुद्रधुनी नुसत्या जहाजांच्या जोरावर फोडायचा प्रयत्न केला. दहा दिवस आधी नुसरेत नावाच्या एका लहानशा तुर्की जहाजाने रात्रीत २६ सुरुंग पेरून ठेवले होते. फ्रेंचांचं बूव्हे दोनेक मिनिटांत सहाशेंहून जास्त माणसं घेऊन बुडालं, पाठोपाठ इंग्रजांच्या दोन युद्धनौका गेल्या. मग ठरलं की आधी पायदळ उतरवायचं. ते उतरेपर्यंत पाच आठवडे गेले, आणि तेवढ्या वेळात तुर्कांनी किनाऱ्यावर तारा ओढल्या, खंदक खणले. आरमाराचं अडलं की पायदळाला बोलावणं येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मधले पाच आठवडे शत्रूला दिले, हे मला आजही सहन होत नाही.

संध्याकाळी एजेआबातला पोचलो. समोर चनाक्कलेचे दिवे. तळलेली सार्डिन, पाव, आणि लवकर झोप.

दुसरा दिवस : सेद्दुलबाहिर

आमचा वाटाड्या इथलाच एक निवृत्त शाळामास्तर. मी फौजेतला आहे कळल्यावर त्याने मला ‘कोमुतानिम’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे ‘माझे कमांडर’. तिथे सैनिक आपल्या साहेबाला असंच म्हणतात. मी त्याला मास्तर म्हणू लागलो, आणि हिने, म्हणजे माझ्या बायकोने, अर्थ समजावून सांगितल्यावर तो खूश झाला.

सेद्दुलबाहिरचा किल्ला द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला आहे. त्याच्या पश्चिमेला अर्धवर्तुळाकार किनारा, एखाद्या उघड्या नाट्यगृहासारखा: खाली वाळू आणि खडे, मागे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली जमीन. इंग्रजांच्या नकाशावर हा ‘व्ही बीच’. तुर्क म्हणतात एर्तुरूल कोयू. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. तीनशे पावलांच्या थोडं पुढे. संपूर्ण पलटण उतरवायला एवढीच जागा.

त्या सकाळी रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची माणसं उघड्या होड्यांमधून आली. त्यांच्या शेजारी ‘रिव्हर क्लाइड’ हे कोळशाचं जुनं जहाज मुद्दाम किनाऱ्यावर चढवलं. त्याच्या पोटात सुमारे दोन हजार माणसं होती, मुख्यतः मन्स्टर फ्युजिलिअर्स आणि हॅम्पशायरच्या दोन कंपन्या. जहाजाच्या कुशीला दारं कापली होती. दारातून फळ्यांवर, फळ्यांवरून पडावांवर, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांवर, आणि पडावांवरून काठावर, असा बेत होता. जहाज ठरल्यापेक्षा आधीच रुतलं. पडाव जागेवर राहीनात. कमांडर अन्विन स्वतः पाण्यात उतरून दोर धरून उभा राहिला, तेव्हा कुठे पूल जुळला.

वर खंदकांत तुर्कांच्या २६व्या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीची थोडीच माणसं होती. मेजर महमुत साब्री यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की होड्या अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. तासभर आरमाराच्या तोफा डोक्यावर आग ओकत असताना शांत बसणं आणि मग नेमक्या वेळी उठणं काय असतं, हे मला ठाऊक आहे. अशी शिस्त एका सकाळीत येत नाही. हे त्या पलटणीच्या हवालदारांचं काम. त्यांच्यातल्या याह्या चाउश या हवालदाराचं स्मारक वरच्या उंचवट्यावर आहे. तिथे मी टाचा जुळवून उभा राहिलो. मास्तर काही बोलला नाही, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली.

आता खालची बाजू. मन्स्टर्सच्या एका कंपनीचा कप्तान गाय गेडिस. दार उघडल्यावर तो आपली माणसं घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या पडावावर पोचून त्याने मागे वळून पाहिलं, तर तो एकटाच होता. मागचे फळ्यांवरच पडले होते. त्याने ओरडून उरलेल्यांना बोलावलं, पाण्यात उडी घेतली आणि दहा-बारा हात मारून काठ गाठला. पुढे होता वाळूचा एक बुटका बांध, चार-पाच फुटांचा. जे जगले ते त्या बांधामागे.

बारा हात पाणी. आमच्या गावच्या विहिरीत पोरं एवढं अंतर दमसुद्धा न घेता जातात. पण या माणसांच्या अंगावर प्रत्येकी २०० गोळ्या होत्या, तीन दिवसांचा शिधा होता, खणायचं हत्यार होतं. पुष्कळजण गोळीने मेले नाहीत. गोळी पायाला लागली, तोल गेला आणि ओझ्याने त्यांना कमरेएवढ्या पाण्यात दाबून ठेवलं.

हे वाचलेलं नव्हे, पाहिलेलं सांगतो. नोकरीत एकदा पूर्व किनाऱ्यावर उतरण्याचा सराव होता. जहाजाचा उतार वाळूला टेकायच्या आधीच पडला. पुढचा सेक्शन छातीएवढ्या पाण्यात गेला. बहुतेक पोरं घाटावरची, सातारा-सांगलीकडची. पोहणं म्हणजे विहीर किंवा कालवा. एका पोराचा पाय घसरला आणि पिठ्ठूने त्याला उताणा केला. त्याला वर काढलं ते देवगडकडच्या एका नाईकने. त्याने उडी मारायच्या आधीच स्वतःच्या पिठ्ठूचा पट्टा एका खांद्यावरून सोडवून घेतला होता. मी विचारलं, ‘हे तुला कोणी शिकवलं?’ तो म्हणाला, ‘साहेब, होडीत बसताना आम्ही काहीच आवळून बांधत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून आमच्या कंपनीत तोच नियम झाला. तो साधा सराव होता आणि समोरून एकही गोळी येत नव्हती, तरी त्या पोराचा पांढरा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

वैमानिक सॅमसन त्या सकाळी वरून उडत गेला. काठापासून पन्नास यार्डांपर्यंत पाणी लाल होतं, असं त्याने सांगितलं. साधारण हजारभर माणसं दिवसभर जहाजाच्या पोटातच अडकून पडली आणि अंधार पडल्यावर उतरली. आज बांधाला लागूनच कबरस्तान आहे. बहुतेक ठिकाणी नावाचा दगडच नाही, नुसतं कापलेलं गवत, कारण कोण कुठे पुरलंय हे कळलंच नाही. ही त्या गवताच्या कडेला बराच वेळ बसून राहिली.

गावाच्या वरच्या टेकडीवर मात्र एकच कबर आहे, एकटी. लेफ्टनंट कर्नल डाउटी-वायलीची. बाल्कन युद्धात त्याने तुर्कांच्या बाजूने जखमींची सेवा केली होती, सुलतानाचं पदक मिळवलं होतं. २६ तारखेला हातात फक्त छडी घेऊन तो उरलेल्यांना घेऊन टेकडी चढला आणि वर पोचता पोचता मेला. त्याला तिथेच पुरलं. ‘ज्यांची सेवा केली त्यांच्यावरच चाल करून जाताना काय वाटलं असेल हो?’ हिने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. हातात पिस्तूल नव्हतं, छडी होती, एवढंच मी सांगितलं.

दुपारी ‘डब्ल्यू बीच’ पाहिला. लँकेशायर फ्युजिलिअर्सनी तारा तोडत तो घेतला, सहा व्हिक्टोरिया क्रॉस एका सकाळी. पण मला जास्त बोचला तो वरचा ‘वाय बीच’. तिथे कड्याखाली दोन हजार माणसं एकही गोळी न खाता उतरली. दक्षिण टोकावर तुर्कांची एकूण माणसं साधारण तेवढीच होती. ही तुकडी त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली आणि तिला पुढचा हुकूमच आला नाही. दोन कर्नल, दोघांनाही वाटत होतं की कमांड आपल्याकडे आहे. खंदकसुद्धा वेळेवर नीट खणले नाहीत. रात्री हल्ले झाले, दुसऱ्या दिवशी सगळे परत होड्यांत. खाली सेद्दुलबाहिरला माणसं बारा हात पाण्यासाठी मरत होती आणि इथे अख्खी टेकडी मोकळी होती. त्याच कड्यावर १२ मे रोजी सहाव्या गुरख्यांच्या पहिल्या पलटणीने चढून मोर्चा घेतला. आजही त्याला ‘गुरखा ब्लफ’ म्हणतात.

दिवसाच्या शेवटी हेलेसचा, म्हणजे या दक्षिण टोकाचा, स्तंभ. तीस मीटरहून उंच, चारी बाजूंच्या भिंतींवर वीस हजारांहून जास्त नावं, ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची. हिंदी फौजेची नावंही इथेच आहेत: सिंग, थापा, गुरुंग, पुन. चौदाव्या शीख पलटणीने ४ जून १९१५ ला जवळच्या घळीत चाल केली आणि एका दिवसात तीनशेंहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. मी नावं वाचत गेलो, ही मागून बोटाने ओळ धरत आली. सूर्य मावळेपर्यंत आम्ही एवढंच केलं.

तिसरा दिवस : आरी बुरनू

आज पश्चिम किनारा. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची माणसं इथे पहाटे साडेचारच्या सुमारास उतरली, ठरलेल्या जागेपासून साधारण मैलभर उत्तरेला. किनारा चिंचोळा, आणि पाठीमागे सरळ कडे. त्यांना तोफा हव्या होत्या, आणि सर्वांत आधी कामाला आल्या आपल्या. २६व्या जेकब्स पहाडी बॅटरीने सकाळी साडेदहाच्या सुमारास खेचरं उतरवली. तोफ सुटी करून खेचरांवर लादायची, वर नेऊन जोडायची. शीख आणि पंजाबी मुसलमान तोफची होते. ऑस्ट्रेलियन सैनिक खेचरवाल्यांना फार मानत, कारण पाणी आणि गोळ्या त्यांच्यामुळेच वर पोचत. गॅलिपोलीत सुमारे १६ हजार हिंदी माणसं होती. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या ‘अँझॅक’ सैन्याचा सेनापती विल्यम बर्डवूड पुण्याच्या खडकीत जन्मलेला, १८६५ साली. खडकीच्या मैदानांवर मी कित्येकदा कवायत पाहिली, पण हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या रात्री त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना वाटलं की परत फिरावं, आणि त्यानेही तसं वर कळवलं. सरसेनापती हॅमिल्टनचं उत्तर आलं: खणा, खणा, खणा. ते खणत राहिले, आठ महिने.

वर क्विन्स पोस्टपाशी आजचा डांबरी रस्ता दोन्ही खंदकांच्या मधून जातो. मी एका बाजूच्या खड्ड्यापासून दुसरीकडे चाललो. पंधरा पावलं भरली नाहीत. १९ मेच्या तुर्की हल्ल्यात सुमारे तीन हजार तुर्क मेले, आणि वास इतका असह्य झाला की २४ मेला दोन्ही बाजूंनी दिवसभर लढाई थांबवून प्रेतं पुरली.

जेवण बिगालीत. इथल्या एका साध्या घरात एकोणिसाव्या डिव्हिजनचा कमांडर मुस्तफा कमाल, पुढचा अतातुर्क, राहत होता. तेव्हा लेफ्टनंट कर्नल, राखीव फौजेत. त्या सकाळी वरून हुकूम येण्याची वाट न बघता तो ५७वी रेजिमेंट घेऊन निघाला. पुढे १९१८ साली त्याने त्या सकाळची आठवण सांगितली, ती मास्तरने आम्हाला चोनुक बायिर या टेकडीच्या वाटेवर, बहुधा त्याच उतारावर, उभं करून ऐकवली.

कमाल एकटाच पुढे आला होता. समोरून काही तुर्की सैनिक पळत खाली येत होते. ‘का पळताय?’ ‘साहेब, शत्रू.’ ‘कुठे?’ त्यांनी टेकडीकडे बोट केलं. शत्रू त्याच्या स्वतःच्या फौजेपेक्षा त्याच्या जवळ होता. ‘शत्रूपासून पळायचं नसतं.’ ‘गोळ्या संपल्या.’ ‘गोळ्या नाहीत, संगिनी आहेत ना?’ त्याने त्यांना संगिनी चढवायला लावल्या आणि जमिनीवर आडवं पाडलं. ते आडवे झालेले पाहून समोरचा शत्रूही आडवा झाला. आम्ही जो क्षण मिळवला तो हाच, असं कमालने सांगितलं.

हे ऐकताना अंगावर काटा आला. नवा अधिकारी पलटणीत येतो तेव्हा त्याला वाटतं, लढाई म्हणजे पुढे धावणं. इथे एका माणसाने गोळ्या नसलेल्या मूठभर सैनिकांना नुसतं झोपवलं आणि तेवढ्यात मागची रेजिमेंट पोचली. ५७व्या रेजिमेंटला त्याने दिलेला हुकूम सगळ्या तुर्कस्तानला पाठ आहे: मी तुम्हाला लढायला नाही, मरायला सांगतोय. ती रेजिमेंट जवळजवळ सगळी संपली. तिचा कमांडर हुसेन अवनी ऑगस्टमध्ये गेला.

चौथा दिवस : चोनुक बायिर

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. चोनुक बायिरच्या माथ्यावर न्यूझीलंडचा स्तंभ आणि कमालचा पुतळा शेजारी शेजारी आहेत. पूर्वेला बघितलं की दार्दानेल्सचं पाणी चमकताना दिसतं. सगळी मोहीम ज्या पाण्यासाठी झाली ते पाणी बघायला मिळालेले इंग्रजी बाजूचे फार थोडे.

त्यातले एक मेजर सेसिल अॅलन्सन, सहाव्या गुरख्यांच्या पहिल्या पलटणीचे कमांडर. ९ ऑगस्टच्या पहाटे आरमाराचा मारा थांबताच ते आपले गुरखे आणि काही इंग्रज सैनिक घेऊन चोनुक बायिर आणि ‘हिल क्यू’च्या मधल्या खिंडीवर चढले. संगिनी, खुकऱ्या, दगड. माथ्यावर पोचले, खाली पाणी दिसलं, तुर्क मागे हटले, आणि हे पुढे उतरू लागले. तेवढ्यात तोफगोळे येऊन पडले. आपल्याच बाजूचे. आरमाराचे की जमिनीवरच्या तोफांचे, यावर आजही वाद आहे. अॅलन्सन आधीच जखमी होते, पण ते दृश्य त्यांनी शेवटपर्यंत विसरलं नाही.

पुढची गोष्ट मला अधिक प्रिय आहे. पलटणीचे इंग्रज अधिकारी एकेक करून पडले. राहिला फक्त डॉक्टर, कॅप्टन फिप्सन. कमांड आली सुभेदार मेजर गंभीरसिंग पुन यांच्याकडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या इंग्रज तुकड्यांशी बोलायचं झालं तर डॉक्टर दुभाषी व्हायचा. अशा अवस्थेत त्यांनी पलटण सांभाळली आणि हुकूम आल्यावर व्यवस्थित खाली उतरवली. ज्याने जेसीओंच्या, म्हणजे सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या, भरवशावर कंपनी चालवली आहे त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. पण ते मोठ्याने, नाव घेऊन सांगायला हवं: त्या शिखराजवळ हिंदुस्थानी पलटणीची कमांड एका सुभेदार मेजरने केली. मी खिंडीच्या दिशेला तोंड करून त्यांना सॅल्यूट केला. ही शेजारी हात जोडून उभी होती.

त्याच दिवसांत वॉरविकशायरचा एक तरुण लेफ्टनंट, बिल स्लिम, इथेच गोळी लागून पडला. त्याने गुरख्यांना लढताना पाहिलं आणि पुढे त्याच सहाव्या गुरख्यांत बदली मागून गेला. ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याचा सेनापती झाला. १९४४ मध्ये सांगशाकला चौथी मराठा पलटण त्याच सैन्यातून लढली. आमच्या रेजिमेंटच्या इतिहासात स्लिमचं नाव मी नेहमी आदराने वाचलं आहे. त्याच्या खांद्यातली गोळी इथली, हे इथे उभं राहिल्याशिवाय मनात बसलं नव्हतं.

१० ऑगस्टच्या पहाटे कमालने प्रतिहल्ला केला आणि माथा परत घेतला. खालच्या ‘फार्म’ कबरस्तानाकडे जाणारी वाट तीव्र उताराची आहे, गुडघे ऐकेनात, तरी उतरलो. सभोवती रोजमेरी आणि रानफुलं. एकही आवाज नाही.

पाचवा दिवस : पुन्हा सेद्दुलबाहिर

बस अकराची होती. मास्तरला पहाटेच गाडी काढायला सांगितलं. रात्रभर डोक्यात गेडिस होता.

डिसेंबर १९१५ मध्ये अँझॅकचा किनारा आणि त्याच्या उत्तरेचं सुवला, आणि ९ जानेवारी १९१६ ला हेलेस, सगळी माणसं रात्री गुपचूप काढून नेली. पाणी ठिबकून आपोआप झडणाऱ्या रायफली मागे ठेवल्या, म्हणजे तुर्कांना वाटावं खंदक भरलेले आहेत. अख्ख्या मोहिमेतलं सर्वांत नीट केलेलं काम हेच, म्हणजे परत निघणं. त्यातून मोकळी झालेली तुर्की फौज दुसरीकडे वळली, आणि मेसोपोटेमियात कूतला आमचे मराठे वेढ्यात होते, २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत.

किल्ल्याच्या बाजूने किनाऱ्यावर आलो. जहाजाचं नाक साधारण कुठे होतं ते मास्तरने हाताने दाखवलं. मी बूट काढले आणि कपड्यांसकट पाण्यात गेलो. पाणी बर्फासारखं. छातीपर्यंत चालत गेलो, मग पाय सुटले, आणि वळून काठाकडे हात मारायला लागलो. श्वास आखडला होता. ही बांधापाशी उभी राहून मोठ्याने मोजत होती.

गुडघे वाळूला लागले तेव्हा मी बांधाला टेकून बसलो. ‘किती?’

‘पंधरा,’ ती म्हणाली. ‘आणि तुमच्या पाठीवर काहीच नव्हतं.’

मास्तरने थर्मासमधला चहा ओतला. माझे हात इतके थरथरत होते की ग्लास हिनेच धरला.